मुलाचं पाऊल सपाट आहे: थांबावं, की इनसोल घ्यावं?

ओल्या पायाचा फरशीवर उमटलेला ठसा बघून आईबाबांच्या पोटात गोळा येतो. आतली बाजू कुठे कोरलेलीच नाही, अख्खा तळवा उमटलाय! पण इनसोलची (बुटात घालायच्या, कमानीला आधार देणाऱ्या गादीची) चौकशी करण्याआधी मुलाला चवड्यांवर उभं करा आणि मागून बघा. टाचा उचलल्याबरोबर तळव्याखाली कमान दिसली, तर पाऊल लवचिक आहे. मग एकच विचारायचं: दुखतं का?

लवचिक आहे, दुखत नाही, मूल धावतंय-खेळतंय, तर मी बिनदिक्कत थांबा म्हणेन. तान्ह्या बाळाच्या तळव्यात चरबीची गादी असते, सांध्यांचे बंध सैल असतात. कमान वयाच्या साधारण दहाव्या वर्षापर्यंत घडत जाते. हे वाट बघणं म्हणजे हयगय नव्हे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १ ते ६ वर्षांच्या मुलांपैकी काहींना तीन वर्षं खास बूट किंवा इनसोल दिले, काहींना काहीच उपचार दिले नाहीत. कमान सगळ्यांचीच सुधारली, उपचारांमुळे वेगळा फरक पडला नाही. म्हणून ‘आत्ता इनसोल घातलं नाही तर पाय कायमचा बिघडेल’ असं कुणी सांगितलं तर घाबरून खरेदी करू नका. घरात अनवाणी खेळू द्या, बाहेर मऊ, सहज वाकणारे बूट पुरेत.

दुखत असेल तर मात्र इनसोलला अर्थ आहे. त्यानं कमान तयार होत नाही, पण पोटऱ्या आणि तळवे कमी दुखू शकतात. आधी साधं, मऊ, तयार मिळणारं वापरून बघावं; पाऊल वाढलं की तेही बदलावं लागतं. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ओढता येत नसेल, तर टाचेमागची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायुबंध) आखडलेली असू शकते. तिथे पोटरी ताणण्याचे व्यायाम इनसोलपेक्षा महत्त्वाचे. शीर आखडलेली असताना कडक इनसोल उलट तळव्याला टोचतं.

चवड्यांवर उभं राहूनही कमान दिसत नाही, एकच पाय सपाट आहे किंवा घोटा वारंवार मुरगळतो, तर घरगुती प्रयोग नकोत. पायातली दोन हाडं एकमेकांना जुळलेली असू शकतात. लवकर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, ते एक्स-रे काढायला सांगतील. शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते. तीही बाकी उपाय करून दुखणं हटलं नाही, तरच.

थांबायचं ठरवलंत, तरी अधूनमधून चवड्यांवर उभं करून बघत राहा, आणि खेळताना मूल मध्येच बसून पाय चोळतंय का, तेही.