सहा इंची ई-रीडरवर मराठी वाचन : ठाणे-वाशी लोकलमध्ये वापरून लिहितेय

घ्यावा का नाही ते आधीच सांगते. मराठी वाचणाऱ्याने ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं मशीन, घ्यावा असं माझं ठाम मत झालंय, फक्त फाईल कुठली आणायची आणि कशी टाकायची एवढं शिकायची तयारी हवी. ती नसेल तर दहा हजारांच्या वरचं हे मशीन आठवड्यात कपाटात जाईल. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण मला मशीनपेक्षा मराठी फाईलींबद्दलच जास्त बोलायचंय आणि ते कुठलाही ई-रीडर घेतलात तरी लागू पडेल.

माझा वापर मुख्यतः ट्रान्स हार्बरवर, म्हणजे ठाणे-वाशी लोकलच्या मार्गावर. ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून गाडी सुटते, वाशी साधारण अर्धा तास, जानेवारी 2024 पासून वाटेत दिघा गाव स्टेशनही आलं. लेडीज डब्यात सकाळी बसायला मिळेलच असं नाही, पण ई-रीडर एका हातात मावतो, अंगठ्याने पान उलटतं आणि दुसरा हात वरच्या कडीला. जाड कादंबरी अशी उभ्याने वाचून दाखवा! सकाळी ऐरोली-रबाळेच्या बाजूला खिडकीतून थेट ऊन येतं, तेव्हा फोनच्या काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो आणि इथे मात्र अक्षर उलट जास्त स्वच्छ दिसायला लागतं. कारण ई-इंकचा स्क्रीन स्वतःहून उजेड फेकत नाही, त्यात बारीक बारीक कुप्या असतात, त्यांच्यात काळे आणि पांढरे विद्युतभारित कण, भार बदलला की पांढरे वर येतात किंवा काळे, आणि मग पान बदलेपर्यंत ते तसेच राहतात. म्हणून वीजही मुख्यतः पान बदलतानाच लागते आणि एकदा चार्ज केला की कित्येक दिवस विसरून जाता येतं. रात्रीसाठी बाजूने छोटे दिवे आहेत, ते मंद ठेवले की पुरतात. शेजारी बसलेल्या एका काकूंनी विचारलं होतं, "अगं हे छापलेलं आहे का?" आणि पान उलटून दाखवल्यावर त्यांनीच दोन पानं वाचून काढली.

आता मराठीचं. एका इंचात 300 ठिपके आहेत त्यामुळे जोडाक्षरं फुटत नाहीत, द्ध, ह्म, क्ष्म सगळं वळणदार येतं. पण मशीनसोबत आलेला देवनागरी फॉन्ट मला अजिबात आवडला नाही, फार बारीक आणि हिंदी वळणाचा, आपला ल आणि श त्यात आपले वाटत नाहीत. मी मुंबईच्या 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्त' टाकला, फुकट मिळतो, यूएसबीने जोडून फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि सेटिंगमधून निवडायचा. घेतल्या घेतल्या पहिलं हेच करा. दुसरी तपासणी म्हणजे 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द असलेलं एखादं पान उघडून बघा, हा आपला चंद्रकोरीसारखा र काही फाईलींमध्ये मोडतो आणि नुसता पाय मोडलेला र दिसतो. 'ॲ'चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनांवर सारखी चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, 2008 साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन येतो आणि मराठीत तर ॲपपासून ॲसिडिटीपर्यंत ते पावलोपावली लागतं.

खरं दुखणं आहे पीडीएफ. मराठीत 'ई-बुक' म्हणून जे काही फिरतं त्यातलं बरंचसं पीडीएफ असतं. पीडीएफचं पान मोठ्या कागदासाठी बांधलेलं, ते सहा इंचात आणलं की अक्षर मुंगीएवढं होतं, झूम केलं की ओळ बाहेर जाते, मग प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवत बसायचं. त्यात फाईल युनिकोडच्या आधीच्या एखाद्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असेल तर शब्द शोधता येत नाही, कॉपी केला तर भलतीच अक्षरं येतात. स्कॅन असेल तर ती नुसती चित्रंच. उपाय आहेत, आडवं धरून अर्धं अर्धं पान वाचा किंवा केटूपीडीएफऑप्ट (k2pdfopt) नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरा, ते स्कॅनमधले शब्द कापून छोट्या पानावर परत मांडतं. देवनागरीच्या शिरोरेघेमुळे कधीकधी गडबड होते पण वाचण्यालायक नक्की होतं. बाकी सगळ्या कामाला कॅलिबर नावाचं सॉफ्टवेअर. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रॅमरने 2006 मध्ये सुरू केलेलं, पूर्ण फुकट, एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणं, मुखपृष्ठ, लेखकाचं नाव सगळं होतं. ते शिकायला एक रविवार द्या.

आणि एवढा खटाटोप कशासाठी, तर जे वाचायला मिळतं त्यासाठी! आपल्याकडे लेखक गेल्यानंतर 60 वर्षांनी कॉपीराईट संपतो, म्हणजे 1919 साली गेलेले हरि नारायण आपटे आणि गडकरी तर केव्हाच मोकळे, साने गुरुजी 1950 साली गेले म्हणून 2011 पासून मोकळे, मर्ढेकर 1956 साली गेले म्हणून 2017 पासून. पुलंसाठी मात्र 2061 उजाडावं लागेल, ते विकतच घ्या आणि घ्यायलाच हवेत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्यांच्या चोरट्या स्कॅनबद्दल मला राग आहे, तो इथे नोंदवते. मोकळं साहित्य विकिस्रोतावर आहे आणि तिथून थेट ईपब, म्हणजे स्क्रीनच्या मापाप्रमाणे ओळी आपोआप मांडणारी पुस्तकाची फाईल, उतरवता येते. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या साईटवर फुकट आहेत, त्यात असे जाडजूड ग्रंथ आहेत की छापील प्रत शोधायला गेलं तर चपला झिजतील. आणि आपल्या ठाण्याचंच ई साहित्य प्रतिष्ठान, नव्या लेखकांची पुस्तकं फुकट वाचकांपर्यंत पोचवतं. तिथे सगळं उत्तम नसतं, पण गावाकडची, नोकरीतली, आजवर न वाचलेली माणसं तिथे लिहितात म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

लहान स्क्रीनवर काय बसतं याचं उत्तर मला अभंग आणि ओव्या असं मिळालं. चार छोटे चरण, एका पानात एक अभंग, डोळ्यापुढे दुसरं काही नाही. तुकारामांच्या गाथेत साधारण साडेचार हजार अभंग, तो ग्रंथ ट्रेनमध्ये नेण्यासारखा नाही, इथे तो खिशात येतो आणि एखाद्या शब्दावर बोट दाबून धरलं की गाथेत तो शब्द कुठे कुठे आलाय ते समोर येतं. कोपरखैरण्याला एक शब्द धरला आणि वाशीपर्यंत त्याच्याच मागे गेले असं होतं. मुक्तछंदातल्या लांब ओळींच्या कविता मात्र इथे वाचू नका, ओळ भलत्याच जागी तुटते आणि कवितेचं वाटोळं होतं. चित्रं, तक्ते, रंगीत दिवाळी अंक यांच्यासाठीही हे नाही, सगळं मिळून करड्याच्या 16 छटा.

दिवाळी अंकांवरून आठवलं. 1909 च्या मासिक मनोरंजनपासून ही परंपरा आली आणि आता ऐसी अक्षरे, मायबोलीसारख्या साईटींवरही दिवाळीचं लेखन येतं, मायबोली तर 1996 पासून आहे. इंटरनेटवरची मराठी म्हणजे गुड मॉर्निंगचे फॉरवर्ड असं समजणाऱ्यांनी तिथले दहा-दहा पानी लेख वाचावेत, कोणी किल्ल्यांवर, कोणी भाषेवर, कोणी एखाद्या रागावर जीव ओतून लिहिलेलं असतं. फोनवर ते मी कधीच पूर्ण वाचू शकत नव्हते, मध्ये मेसेज येतो आणि तिथून माणूस रील्समध्ये. ब्राउझरमधून लेख ई-रीडरवर पाठवायची सोय आहे, मी आठवडाभराचे लेख रविवारी पाठवून ठेवते. इथे काहीच टुणटुण वाजत नाही, माझ्यासाठी या मशीनचा सगळ्यात मोठा गुण हाच.

गाण्यांसाठीही वापरते. फोनवर जुनं भावगीत लावायचं, इयरफोन कानात आणि समोर ई-रीडरवर आठवणीतली गाणी या साईटवरून घेतलेले त्याचे शब्द. त्या साईटवर कवी, संगीतकार, गायक, बऱ्याचदा रागसुद्धा दिलेला असतो. लहानपणापासून ऐकलेल्या गाण्याचं तिसरं कडवं आपण कधी ऐकलंच नव्हतं हे तेव्हा कळतं, कारण रेडिओवर ते कापलेलंच असायचं किंवा आपलं लक्ष पहिल्या दोनातच असायचं.

आईसाठी वेगळं लिहायला हवं. तिला छापील पुस्तकांची अक्षरं आता बारीक पडतात, इथे ती अक्षर मोठं करून घेते, पानात जेमतेम दहा ओळी येतात पण ती दुपारभर वाचते आणि "अगं, पुढचा भाग टाकलास का?" म्हणून मला ऑफिसात फोन करते. घरात कोणी सत्तरीचं असेल तर मी वर लिहिलेल्या सगळ्या तक्रारी विसरा आणि घ्या. मेनू इंग्रजीत आहे, तो एकदा समजावून द्यावा लागतो. मराठी शब्दकोश आत नाही हीसुद्धा मोठी उणीव, मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश ऑनलाईन आहे पण त्याला परत फोन उघडावा लागतो.

ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी मी बंद केलेली नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासूनचं, तिथे कपाटासमोर उभं राहून जे हाताला लागतं ते शोधपट्टीत लागत नाही. आणि अलीकडच्या लेखकांची नीट बनवलेली ईपब अजून फार कमी मिळतात. प्रकाशकांनी पीडीएफ सोडून ईपब काढावीत, मी पूर्ण किंमत देऊन घेईन, माझ्या ओळखीतले बरेच जण घेतील.

स्टोरेज जास्तीचं घेऊ नका, नुसत्या अक्षरांची फाईल एक-दोन एमबीची असते. कव्हर मात्र त्याच दिवशी घ्या, गर्दीत पर्समध्ये चेपला तर काच जाते आणि ती बदलून घेण्यापेक्षा नवीन घेतलेला बरा पडतो. आणि गाथेची अर्थासकट, युनिकोडमधली, व्यवस्थित अनुक्रमणिका असलेली ईपब कोणाला माहिती असेल तर कृपया सांगा, मला मिळाल्या त्यात एकतर अर्थ नव्हता नाहीतर अनुक्रमणिका.