माळ्यावरचे खोटे टेकू

चाकरमान्यांची वर्षातले दहा महिने बंद असलेली घरं म्हणजे काही ठेकेदारांचं हक्काचं कुरण. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-दापोली पट्ट्यात कौलारू घरांच्या दुरुस्त्या घाईघाईत उरकल्या गेल्या. त्यातले काही माळे आता उघडले, की आतला माल दिसतो. दापोलीकडच्या एका जांभ्याच्या घरात ‘माजघरावरची तुळई (भिंतीपासून भिंतीपर्यंतचं जाड आडवं लाकूड) बदलली, आढ्याला (छपराच्या शेंड्यावरच्या आडव्या लाकडाला) लोखंडी आधार दिला’ असं सांगून पूर्ण पैसे घेतले होते. प्रत्यक्षात जुन्याच तुळईला प्लायची पेटी मारून वर सागवानी रंग दिलेला. पेटी काढून भिंतीजवळच्या टोकाला पेचकस टोचला, तर पातं मुठीपर्यंत आत गेलं. आढ्याखालचा पाइप माळ्याच्या नुसत्या फळीवर उभा होता. त्या फळीखाली ना तुळई, ना भिंत.

माळ्यावर चढलात की आधी भार कुठून कुठे उतरतो ते बघा. कौलं रिपांवर (आडव्या पट्ट्यांवर), रिपा वाशांवर (उतरत्या लाकडांवर), वासे वर आढ्यावर आणि खाली भिंतीवर. आढं खांबावर, खांब तुळईवर आणि तुळईची दोन्ही टोकं भिंतीत. या साखळीत जे बसत नाही, ते शोभेचं.

मूळ लाकडावर तासणीच्या ओबडधोबड खुणा असतात आणि जोड साल-कुसवाचा, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी खुंटी मारलेला असतो. करवतीच्या सरळ रेघा, तारेचे खिळे, नटबोल्ट किंवा वेल्डिंग दिसलं तर ते काम बहुधा नंतरचं. नंतरचं म्हणजे वाईटच असं नाही, पण त्याचा हिशेब मागायचा.

सगळ्यात जास्त फसवणूक जोडवाशात होते. खचलेल्या वाशाशेजारी नवा वासा मारतात, पण तो दोन्ही टोकांना टेकेल एवढा लांब घेत नाहीत. मधल्या भागात चार खिळ्यांवर लटकलेला तुकडा भार घेत नाही, उलट आपलंच वजन जुन्या वाशावर टाकतो. टेकूची परीक्षा आणखी सोपी आहे. त्याचं डोकं आणि तुळई यांच्या फटीत करवतीचं पातं घालून बघा. ते सरसर आरपार गेलं, तर टेकू नुसताच उभा आहे.

गर्डर असेल तर वजनकाट्याची पावती मागा. आयएसएमबी १५० (१५० मिलिमीटर उंचीचा, मध्यम वजनाचा लोखंडी गर्डर) चं वजन मीटरला साधारण १५ किलो, म्हणजे ४ मीटरला ६० किलो. त्याच उंचीचा हलका गर्डर निम्म्या वजनाचाही असू शकतो. रंग मारल्यावर फरक चटकन लक्षात येत नाही.

टोकं कुजतात कारण जांभा पावसात पाणी पितो आणि भिंतीत गेलेल्या लाकडाला वारा लागत नाही. म्हणून तुळई मधोमध ठोकून ‘बघा, कसली ठणठणीत वाजते’ म्हणणाऱ्यावर जाऊ नका, टोकं उघडी करायला लावा. उलट ४ मीटरच्या जुन्या तुळईला १५ मिलिमीटर झोळ असला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. दोरी ताणून मापून ठेवा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मापा. वाढला असेल तर बघायचं.

हल्ली होमस्टेसाठी माळ्यावर खोली काढून देणारे आहेत. डोक्याला लागतं म्हणून ते कैचीचं (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याचं) खालचं आडवं लाकूड कापतात. तेच दोन्ही भिंतींना धरून ठेवत असतं. ते गेलं की वासे भिंती बाहेर ढकलू लागतात. मातीत रचलेल्या जांभ्याला हे फार सोसत नाही, आणि भिंतीच्या माथ्याशी फट दिसू लागते. असं कापलेलं दिसलं तर कौलं उतरवून भार कमी करा आणि जाणकार इंजिनीयरला बोलवा. तोवर खाली कुणी झोपू नये.

पेटी काढण्याआधी, काढताना आणि नंतर असे तारखेसह फोटो घ्या, कुजका तुकडा जपून ठेवा. बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.