कुंपणाला तरवड की टिकोमा?

माणदेशातल्या आमच्या मुरमाड जागेला एका अंगानं टिकोमा लावलाय, दुसऱ्या अंगानं तरवड. दोन्ही पिवळे, दोन्ही कमी पाण्यावर तगणारे.

फुलांची घाई असेल तर टिकोमाच बरा. नर्सरीतून आणा, पहिल्याच वर्षी घंटांचे झुबके. तरवड मात्र धीर मागतो. बी टणक, गरम पाण्यात रात्रभर भिजवलं तेव्हाच नीट उगवलं. पिशवीत वाढवलेली रोपं सोटमूळ दुखावल्यानं बहुतेक गेली, जागेवर टोकलेली जगली. फुलं दुसऱ्या पावसाळ्यानंतर आली.

तरीही माझा कौल फिरला तो टिकोमाच्या बियांमुळे. वीतभर शेंग तडकली की कागदासारखे पंख असलेलं बी वाऱ्यावर निघतं. अंगणातली रोपं उपटता येतात हो, पण विहिरीच्या दगडी बांधकामात उगवलेलं काय करायचं? वरून तोडलं की खालून पुन्हा फुटतं. दोन वर्षं मी तेच करतोय. त्यात हे झाड मूळचं अमेरिकेकडचं. ते माळावर पसरलं तर, ही धास्ती वेगळीच. वाळण्याआधी प्रत्येक शेंग कापणार असाल, तर हा त्रास तुम्हाला कदाचित होणारही नाही.

तरवडाच्याही चपट्या, तपकिरी शेंगा महिनोन्‌महिने लोंबतात. दिसायला बऱ्या नाहीत. पण आमच्याकडे रोपं उगवली ती बुंध्याच्या आसपासच. शेळ्यांनीही अजून तोंड लावलेलं नाही.

आणि फूल जवळून बघाच. मध नाही, फक्त पराग. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन वांझ. बाकीच्यांचा पराग टोकाच्या छिद्रातून बाहेर पडतो. काळा भुंगा फुलाला मिठी मारून गुणगुणतो, त्या थरथरीनं पराग सांडतो. सकाळी कुंपणाजवळ उभं राहिलं की तो आवाज ऐकू येतो, आणि मी तिथून लवकर हलत नाही. नवरात्रात घटाच्या माळेला फुलंही घरचीच. शेजारच्या तेलंगणानं तर तरवडाला राज्यफुलाचा मान दिलाय.

बी माळावरूनच आणा, पण झाड ओळखून. पानाच्या देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन मोठी उपपर्णं, म्हणजे पानासारखेच छोटे भाग, असतात. शास्त्रीय नावातलं ‘ऑरिक्युलाटा’ त्यांच्यावरूनच आलं. शेंगा खुळखुळायला लागल्या की तोडा आणि पहिल्या पावसात, दोन-दोन बिया, थेट जागेवर टोका.