मेंटल हेल्थ ॲपची ‘मराठी’ टेस्ट : आई म्हणाली, रस कसला गं, उसाचा?

आमच्या ऑफिसने हेल्थ पॅकेज बदललं आणि त्यात आईवडिलांसाठी एक मेंटल हेल्थचं ॲप फुकट आलं. नाव घेत नाही, कस्टमर केअरशी माझं अजून चालूच आहे आणि तशीही ही ॲप्स सगळी एका माळेचे मणी. स्टार देते दोन. एक मराठीचा ऑप्शन ठेवला म्हणून, दुसरा ॲप मध्येच बंद पडलं नाही म्हणून.

बाबा जाऊन दोन वर्षं होतील, आई गावाकडं एकटीच असते. डोकं जड, पाठ धरलेली, अंगात त्राण नाही, असं सारखं चालू. शुगर थायरॉईड सगळं करून झालं, रिपोर्ट नॉर्मल, मग बी-१२ ची इंजेक्शनं, तीही झाली. म्हणून एका रविवारी म्हटलं चल आई, ही टेस्ट करू, नऊच प्रश्न आहेत, पाच मिनिटांत होईल. पाऊण तास लागला.

पहिला प्रश्न : ‘गोष्टी करण्यात अल्प रस किंवा आनंद वाटणे.’ आई चष्मा वर करून म्हणाली, रस कसला गं, उसाचा? मी समजावलं. मग झोपेचा प्रश्न : ‘झोप लागण्यात किंवा झोपून राहण्यात अडचण.’ म्हणाली, झोप लागते की, नऊलाच लागते, आणि झोपून राहायला कसली अडचण, पडूनच तर असते मी. टाकलं ‘अजिबात नाही’. आता ही बाई रोज रात्री दोनला उठून पंख्याकडं बघत पडते हे मला माहितीय, पण प्रश्नाला ते माहिती नाही ना.

सगळ्यात भारी म्हणजे उत्तरांचे पर्याय. ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ म्हणजे दोन आठवड्यांतले निम्म्यापेक्षा जास्त दिवस, तर आईने लावला सरळ अर्थ, की सकाळी बरं असतं, दुपारनंतर जीव नको होतो, म्हणजे अर्धाच दिवस झाला, अधिक कुठं. हालचाली मंद झाल्यात का तर गुडघे दुखत्यात, मंद होणारच. शेवटी स्कोअर आला ६, हिरवा स्मायली, ‘सौम्य’, आणि एका परदेशी बाईंचा योगाचा व्हिडिओ.

दहा मिनिटांनी चहा टाकताना आपणहून सांगायला लागली. डोक्यात नुसतं विचारांचं काहूर असतं गं, घास तोंडात फिरतो, उगाच काळजात धस्स होतं, कुणाकडं जाऊ वाटत नाही. जे त्या नऊ प्रश्नांत काढायचं होतं ते सगळं गॅसपाशी उभ्या उभ्या निघालं.

आता मूळ टेस्टला शिव्या घालायच्या नाहीत मला. ती पीएचक्यू-९, डिप्रेशन किती आहे ते बघायची, २००१ साली अमेरिकेत छापून आली, २७ पैकी मार्क, १० किंवा त्याच्या वर गेलं की डॉक्टरांनी लक्ष द्यायचं. जगभर चालते आणि कुणीही फुकट वापरू शकतं, आपल्या गोव्यातल्या संशोधनातही वापरलीय. पण ती अशी आणायची आणि कुणाकडून तरी शब्दाला शब्द लावून घ्यायचा, आणि तुमच्याकडं माणसं हे दुखणं कसं बोलतात हे एकालाही विचारायचं नाही, ह्याला काय म्हणायचं?

कारण उलट्या बाजूने सुरू केलं तर काय होतं ते झिम्बाब्वेत दिसलंय. ९० च्या दशकात आपले सायकिॲट्रिस्ट विक्रम पटेल हरारेला होते, तिथं शोना भाषेत लोक डिप्रेशन म्हणत नव्हते, म्हणत होते ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे लई विचार करणं. झालं की नाही आईचं काहूर! तर तिथल्या पेशंटच्या बोलण्यातूनच १४ प्रश्नांची यादी तयार झाली, शोना सिम्प्टम क्वेश्चनेअर. गेल्या आठवड्यातलं विचारायचं, उत्तर हो किंवा नाही, अर्ध्याहून अधिक वगैरे भानगडच नाही. पहिलाच प्रश्न, खूप विचार येत होते का. पुढं पोट दुखत होतं का, काम मागे पडत होतं का, आयुष्य इतकं अवघड वाटलं का की रडू आलं. आमच्या आईने चौदाच्या चौदा विनाचष्म्याचे सोडवले असते.

नंतर २००६ मध्ये डिक्सन चिबांडा ह्या सायकिॲट्रिस्टने हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आज्या घेऊन काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी, शेजारी पेशंट. बाकाला आधी ‘मेंटल हेल्थ’चं नाव होतं. आज्यांनीच सांगितलं की असल्या नावाच्या बाकावर कोण बसणार, मग ते फ्रेंडशिप बेंच झालं. (आपल्याकडं तरी कोण बसलं असतं? अख्ख्या गल्लीत बोंब.) ५७३ पेशंटवर रीतसर ट्रायल झाली, २०१६ मध्ये छापून आली, आज्यांकडं सहा वेळा बसून बोललेल्यांचा त्रास सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बराच कमी होता.

आणि लांब कशाला, गोवा आहे की. संगाथ ही संस्था १९९६ पासून आहे. त्यांच्या पाहणीत अंगावरून पांढरं जातं म्हणणाऱ्या बायकांमध्ये त्या तक्रारीचा संबंध इन्फेक्शनपेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त लागला. आपल्या किती काकू-मावश्या ह्याच तक्रारीवर वर्षानुवर्षं गोळ्या खातात ते आठवा. मग त्यांची मानस नावाची ट्रायल, २०१० ला आली, साध्या स्थानिक मुलींना ट्रेनिंग देऊन दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसवलं. सरकारी केंद्रांत चांगला फरक पडला, खाजगी डॉक्टरांकडं नाही पडला, तेही त्यांनी सरळ छापलंय. माझ्या ॲपवाल्यांकडं असला प्रामाणिकपणा असता तर तिसरा स्टार दिला असता.

आता जे खरंच खटकलं ते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. आई म्हणाली काहीतरीच काय विचारतं हे, आणि पहिलं बटण दाबून पुढं गेली. महिन्यापूर्वी मात्र फोनवर ‘देवानं न्यावं आता’ म्हणाली होती. आता हे आपल्याकडं घरोघरी म्हातारी माणसं म्हणतात, त्यातलं नुसतं म्हणणं किती आणि मनातलं किती, हे बटणाला नाही कळत, समोर बसलेल्या माणसाला विचारावं लागतं. मी विचारलं. तेवढं काही नव्हतं, पण विचारल्यावर रडली आणि मग नीट जेवली.

दुसऱ्या दिवशी १४४१६ ला फोन लावला, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीचा पर्याय मिळाला. पलीकडच्या बाईंनी पहिलं काय विचारलं तर, काकू, जेवलात का? पंचवीस मिनिटं आई बोलत होती. त्यांनी विचारलं की आधी काय करायचा जे आता सुटलं, आणि आईने पटकन सांगितलं, गुरुवारचं भजन. त्यातलं एकच, ह्या गुरुवारी, अर्धा तास, एवढंच ठरवलं. नंतर वाचलं तर गोव्यात ४९५ पेशंटवर ह्याच धर्तीची सहा ते आठ बैठकांची पद्धत तपासलीय, सुटलेली कामं थोडी थोडी परत धरायची, आणि ती उपयोगी ठरली.

ॲपवाल्यांना मी पर्यायांसकट सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं की भाषांतर तज्ज्ञांकडून तपासून घेतलेलं आहे. असेल. तज्ज्ञांना झोप लागत असेल.

कुणाला घ्यायचं असेल तर इंग्रजीत वापरा, चालेल, मूड नोंदवायला वगैरे ठीक आहे. घरातल्या मोठ्या माणसांना देणार असाल तर शेजारी बसा आणि स्कोअरकडं फार बघू नका.

परवा आईचा फोन आला, मोबाईलची मेमरी भरलीय, भजनाचं रेकॉर्डिंग बसेना. म्हटलं तो हिरवा स्मायली आहे ना, तो दाबून धर आणि काढून टाक.