पोर्टेबल इको मशीन: इमेज झकास, ईसीजीची केबल भंगार

इको मशीनच्या (म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या) ईसीजी केबलने पुन्हा मान टाकली आणि कंपनीचं उत्तर तेच: "सर, ती कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत बसत नाही." लाखांचं मशीन विकायचं आणि वायरीपाशी हात वर करायचे! ब्रोशर सगळ्यांनी पाहिलंच असेल, त्यामुळे फक्त वापराचं लिहितो.

मी तालुक्याला फिजिशियन. अटॅकचा पेशंट थ्रोम्बोलाइज करून (गुठळी विरघळवायचं औषध देऊन) पुढे पाठवतो, अँजिओप्लास्टी करून तो फॉलोअपला माझ्याकडेच येतो आणि बसायच्या आत विचारतो, "पंपिंग किती?" इमेजबद्दल तक्रार नाही. कुठली भिंत स्वतः जाड होतेय आणि कुठली नुसती शेजारच्या स्नायूमागे ओढली जातेय, हे स्वच्छ दिसतं. एलएडीच्या (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीच्या) मोठ्या अटॅकनंतर एपेक्सला, म्हणजे हृदयाच्या टोकाला, गुठळी शोधतानाही त्रास होत नाही. जुनी क्लिप शेजारी लावता येते, हे तर फारच कामाचं. सुरुवातीला बधिर झालेला स्नायू पुढे जागा होतो, ईएफ (तेच ते पंपिंग, टक्क्यांत) वर येते. आयसीडीचा (छातीत बसवायच्या शॉक देणाऱ्या यंत्राचा) निर्णयसुद्धा म्हणूनच निदान ४० दिवस थांबून घेतात.

स्ट्रेनच्या (स्नायू किती आखडतो ते मोजणाऱ्या) सॉफ्टवेअरचे वेगळे पैसे लावले तेव्हा मात्र डोकं फिरलं होतं. ईएफ नजरेनेच कळते, हे रंगीत चक्र कशाला? आता तसं म्हणणार नाही. इन्फिरिअर वॉल (खालच्या भिंतीच्या) अटॅकचे एक काका, ईएफ ५५ म्हणजे नॉर्मल, पण जिना चढताना दम. जीएलएस (स्नायू लांबीत किती टक्के आखडतो तो स्ट्रेनचा आकडा) आली उणे १४. नॉर्मल उणे २० च्या आसपास. १७ खणांच्या बुल्सआयवर, म्हणजे त्याच रंगीत चक्रावर, खालच्या भिंतीचे खण फिकट गुलाबी, म्हणजे कमजोर. आतल्या थरातले उभे तंतू आधी मार खातात, तोवर ईएफ साळसूद चेहरा करून बसलेली असते. पैसे वसूल.

पण या स्ट्रेनला आर-वेव्ह (ईसीजीतलं उंच टोक) लागते, आणि ती येते त्याच केबलमधून! क्लिपजवळ वायर आतून तुटते, वरचं रबर शाबूत. सिस्टर चिकटपट्टी लावते. पेशंट डाव्या कुशीवर वळला की रेघ पुन्हा सपाट. मग सिस्टोल (हृदयाचं आकुंचन) कुठे संपलं हे मशीनला कळत नाही आणि आकडे भरकटतात. एकांच्या बायकोने तर ती सपाट रेघ बघून हंबरडाच फोडला. काका इकडे जेल गार लागतंय म्हणून कुरकुरत होते.

घेणार असाल तर केबल एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) लिहूनच घ्या. पोर्टेबल म्हणून जास्त पैसे मोजू नका. पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याची) नोंदणी दवाखान्याच्या पत्त्यावर असते, मशीन खांद्याला लावून गावोगाव फिरता येत नाही. आणि डेमोला कंपनीवाले आपलाच सडपातळ पोरगा झोपवतात, त्याच्यावर कुठलंही मशीन छानच दिसतं. तुमचा पोट सुटलेला, बिडी ओढून छाती फुगलेला पेशंट झोपवा आणि म्हणावं, आता एपेक्स दाखव.