पॉवर स्टिअरिंगचे जालन्याचे पाइप : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून

जुन्या जीपला पॉवर स्टिअरिंग बसवणारी मंडळी ऑइलला दाब देणारा पंप आणि चाकं वळवणारा स्टिअरिंग बॉक्स शोधायला महिनोन् महिने घालवतात. या दोघांना जोडणाऱ्या पाइपांची आठवण होते ती गाडी उभी राहिल्यावर. मग कुणीतरी ऑनलाइन मिळणारे, स्टीलच्या जाळीचे टेफ्लॉन पाइप सुचवतं. अमेरिकेतले हॉट रॉडवाले, म्हणजे जुन्या गाड्यांना दणकट इंजिनं बसवणारे, वापरतात ते, एएन-६ नावाच्या मापाच्या फिटिंगचे. दिसायला देखणे आहेत, वाद नाही. पण दोन टोकांच्या फिटिंगसकट जी किंमत होते, तेवढ्यात माझे चारही टायर रिमोल्ड होतात. मी जालन्यात हायड्रॉलिकच्या दुकानात प्रेस करून घेतलेला पाइप लावला, बिल हजाराच्या आत आलं, आणि आजवर त्या पाइपातून थेंब गळालेला नाही.

गाडी महिंद्राची एमएम ५४० जीप, प्यूजोचं २.१ लीटर डिझेल. बॉक्स आणि पंप बोलेरोचे, जुन्या मालातले. कंपनीचा पाइप बोलेरोच्या मापानं वाकवलेला असतो. तो ५४० मध्ये बॉक्सला जुळवला की पंख्याला घासतो आणि पंपाला जुळवला की बॉक्सपर्यंत पोचतच नाही. म्हणून नवा बनवण्यावाचून इलाज नव्हता.

जालन्याला गेलो कारण तिथं रोलिंग मिल आहेत, जेसीबी आहेत, उसाच्या हंगामात ट्रॉलीचे जॅक आहेत. होज पाइप दाबून देणाऱ्याला रोजचं काम असतं, हात बसलेला असतो. दुकानातल्या चाचांना मी आधी तोच प्रश्न विचारला जो सगळे विचारतात : प्रेशर सहन होईल का? ते हसले. “भाऊ, प्रेशरनं फुटलेला पाइप माझ्याकडं क्वचित येतो. जळून आणि घासून गेलेलेच येतात.”

आकडे बघितले तर त्यांचं बरोबर आहे. अशा पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब फार वाढला की ऑइलला परत वाट देणारा, साधारण ८० ते १०० बारच्या आसपास उघडतो. तीन-अष्टमांश इंचाचा, एका तारेच्या जाळीचा साधा आर-१ पाइप १८० बारचा असतो आणि फुटायला त्याच्या चौपट दाब लागतो. दोन तारांचा आर-२ तर ३३० बारचा. लोक ‘जास्त मजबूत’ म्हणून आर-२ घेतात, पण तो ताठ असतो, जीपच्या अरुंद जागेत वळवताना फिटिंगच्या गळ्यावर सगळा ताण येतो. मी आर-१ घेतला. तोसुद्धा १३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवायचा नाही, म्हणून बॉक्सच्या बाजूला सरळ फिटिंगऐवजी नव्वद अंशाचं घेतलं. पाइपावर छापलेली जी लांब रेघ असते ती टोकापासून टोकापर्यंत सरळ दिसली पाहिजे. ती पिळलेली दिसली तर पाइपच पिळला गेलाय.

खरी गोम फिटिंगमध्ये आहे. आपल्याकडच्या दुकानात ३७ अंशाचे, ६० अंशाचे आणि २४ अंशाचे असे तीन कोन एकाच डब्यात पडलेले असतात. चुकीच्या जोडीचे एक-दोन आटे बसतात, पाना मारला की घट्टही लागतं, पण आतला कोन कोनावर टेकलेला नसतो. असा जॉइंट गळायला लागला की मिस्त्री टेफ्लॉन टेप गुंडाळतो. ते करू देऊ नका. सील कोनावर होतं, आट्यांवर नाही, आणि टेपचे तुकडे सुटून बॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये जातात. दुकानात जाताना मी दोन्ही टोकांचे जुने बोल्ट-नट पिशवीत घेऊन गेलो होतो, चाचांनी आटा गेजला लावून बघितला. पंपाच्या बाजूला बँजो, म्हणजे पोकळ बोल्टानं आवळायचं कडीसारखं फिटिंग, आहे, त्याला दोन्हीकडून नवे तांब्याचे वायसर.

पाइप कापल्यावर आत काय राहतं ते एकदा डोळ्यांनी बघाच. ग्राइंडरच्या चकतीनं कापलेल्या पाइपात रबराचा काळा भुगा आणि तारेचे केसासारखे कण असतात. माझ्यासमोर हवा मारली तेव्हा पांढऱ्या कापडावर चिमूटभर काळं पडलं. परत मारायला लावली, कापड कोरं निघेपर्यंत. फेरूलच्या, म्हणजे फिटिंगवर दाबून बसवलेल्या लोखंडी टोपणाच्या, कडेला पाइपावर पुतणीची नेलपॉलिश लावून रेघ ओढली. पाइप फेरूलमधून सरकला तर रेघ आणि फेरूल यांच्यात फट दिसते. अजून दिसलेली नाही.

आता उष्णता. आर-१ पाइप शंभर अंशांपर्यंतचा असतो आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात बॉनेटखाली काय असतं ते सांगायला नको. पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून जळका वायू बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांच्या, उलट्या बाजूनं नेला, जिथं जवळून जाणं टळत नाही तिथं मध्ये पत्र्याची आड दिली. हे फक्त पाइपाच्या आयुष्यासाठी नाही. एटीएफ, म्हणजे पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल ऑइल, तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर पेट घेतं. रिटर्नची, म्हणजे बॉक्समधून ऑइल परत आणणारी, लाइन रेडिएटरसमोरून लोखंडी नळीचा एक वळसा घालून आणली, तेवढ्यानं ऑइल बरंच निवतं.

त्रास दिला तो या रिटर्ननंच. दाब नगण्य, म्हणून कुणी लक्ष देत नाही. दुकानातून मीटरवर घेतलेली नळी एप्रिलपर्यंत क्लिपजवळ कडक झाली आणि ओल धरू लागली. नळी ऑइलचीच हवी, पाण्याची किंवा कूलंटची रबरी नळी एटीएफनं फुगते. क्लिप बदलून सध्या भागलंय. गळती शोधताना मात्र बोटानं चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. प्रेशरच्या बाजूची सुईएवढी धार कातडीतून आत घुसते.

दुसरी तक्रार आवाजाची. कंपनीचा पाइप मुद्दाम किंचित फुगणारा असतो, पंपाचे धक्के तो पोटात घेतो. हायड्रॉलिकचा पाइप फुगत नाही, त्यामुळे स्टिअरिंग शेवटाला टेकलं की ‘घूंऽऽ’ असा आवाज केबिनमध्ये येतो. पाइप थोडा लांब ठेवून, चेसिसला रबराच्या पट्टीतून बांधल्यावर तो कमी झाला, गेला नाही. आधी वाटलं हवा राहिली. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत, ऑइलच्या डबीतला फेस जाईपर्यंत हवा काढली होती. ऑइल लालभडक, स्वच्छ होतं. म्हणजे आवाज पाइपाचाच.

कन्नडच्या घाटात वळणं एका हातानं निघाली. खरी परीक्षा जुलैत काळ्या रानात झाली. चाक चाकोरीत रुतलेलं, स्टिअरिंग जोर लावून धरलेलं. अशा वेळी दोन-चार सेकंदांत सोडायचं, नाहीतर रिलीफ व्हॉल्व्हवरून फिरून फिरून ऑइल उकळतं. पोरगा चालवतो तेव्हा सोडत नाही, त्याला रोज सांगावं लागतं.

गाडीत असा बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याबद्दलच आहे. दिवाळीनंतर रिटर्नची अख्खी नळी बदलणार आहे. प्रेशरचा पाइप तसाच ठेवतोय.