डिजिटल बेबी वजनकाटा, सात महिने वापरून : बाळाच्या हृदयाला छोटं भोक असलेल्यांनी नक्की वाचा

२० किलोपर्यंत चालणारा, ५ ग्रॅमच्या फरकाने दाखवणारा, वर पांढरं प्लास्टिकचं ताट असलेला साधा काटा आहे, एकोणीसशेला मिळाला. कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही, सगळे साधारण सारखेच असतात. माझे पाचपैकी चार स्टार. पण का घेतला ते आधी सांगते कारण त्याशिवाय या रिव्ह्यूला अर्थ नाही.

माझ्या मुलीच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जन्मतः भोक आहे, डॉक्टर लोक व्हीएसडी म्हणतात. जन्मल्यावर कोणालाच काही कळलं नव्हतं, वजन २ किलो ७८०, रडली छान, तिसऱ्या दिवशी घरी आलो. दीड महिन्याच्या लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला, मला तिथेच पोटात गोळा आला. मग मिरजेला जाऊन टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. दूध पाजून झोपवलं, छातीवर कोमट जेली, स्क्रीनवर लाल निळं काहीतरी उडत होतं आणि त्यात एक बारीक पिवळी धार. ३ मिलिमीटर. डॉक्टर म्हणाले पडद्याच्या मांसल भागात आहे, अशी छोटी भोकं पुष्कळदा पहिल्या एकदोन वर्षांत आपली आपण बुजतात, औषध नाही, लसी वेळच्या वेळी द्या, तीन महिन्यांनी परत या. मी विचारलं मग जन्मल्यावर का नाही कळलं, तर म्हणाले पहिले काही दिवस फुप्फुसांतला दाब जास्त असतो त्यामुळे भोकातून रक्त जोरात जातच नाही, म्हणून आवाजही येत नाही. आणि आवाज मोठा म्हणजे भोक मोठं असंही नाही, नळाची पाइप बोटाने दाबली की पाणी जास्त आवाज करत उडतं तसं ते.

हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं त्यांनी. तरी घरी येताना मी पहिली वस्तू घेतली ती ऑक्सिमीटर, रक्तातला ऑक्सिजन किती टक्के ते दाखवणारा, बोटाला लावायचा चिमटा. दुकानदाराला दोनदा विचारलं दीड महिन्याच्या बाळाला चालेल का, तो म्हणाला चालतं चालतं, सगळे नेतात. रात्री तिच्या पायाच्या अंगठ्याला लावला तर ८६, मग ९१, मग नुसत्या रेघा, मग परत ८७. रात्री दोन वाजता रिक्षा करून दवाखान्यात गेलो, मला तर रिक्षात तिचे ओठ निळेच दिसायला लागले होते, रस्त्यावरच्या लाइटमुळे. तिथे सिस्टरनी तळपायाला गुंडाळायचा छोटा मऊ पट्टा लावला, ९९. पुन्हा थोड्या वेळाने, ९९.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी रात्री दोन वाजता मला खुर्चीत बसवून सांगितलं ते इथे लिहिते कारण हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. मोठ्या माणसांचा चिमटा एवढ्याशा अंगठ्यावर बसतच नाही, बाळ पाय हलवतं, आकडा काहीही येतो. आणि मुख्य म्हणजे या प्रकारच्या छोट्या भोकात शुद्ध रक्तच डावीकडून उजवीकडे जातं, परत फुप्फुसात जातं, त्यामुळे ऑक्सिजन कमी होतच नाही. ज्या आकड्याकडे मी रात्रभर बघत बसणार होते तो आमच्या आजारासाठी कामाचाच नव्हता. काही वेगळ्या हृदयदोषांत डॉक्टर स्वतः घरी ऑक्सिजन बघायला सांगतात, त्यांचं ऐकाच, पण तिथेही बाळाचा पट्टाच लागतो. मी विचारलं मग बघू काय मी घरी? त्या म्हणाल्या वजन बघा, दूध बघा आणि श्वास मोजा. हृदयावर ताण यायला लागला तर बाळाची सगळी ताकद श्वास घेण्यात जाते, मग ते दोन घोट पिऊन दमून सोडून देतं, पिताना कपाळावर घाम येतो, बरगड्यांखाली खळगा पडतो आणि वजन वाढायचं थांबतं.

चिमटा दुकानदाराने परत घेतला नाही. गेले पैसे. दुसऱ्या दिवशी हा काटा मागवला.

आल्या आल्या आधी तपासा, मी मिठाचा न फोडलेला एक किलोचा पुडा ठेवला तर १.००५ दाखवलं, पिशवीचं धरून बरोबर. दवाखान्याच्या काट्याशी १५ ग्रॅमचा फरक आला, तेवढा चालतो, फक्त दर वेळी एकाच काट्यावर करायचं. गादीवर किंवा सतरंजीवर ठेवला की चुकीचं दाखवतो, फरशीवरच ठेवा. ताट गार असतं, त्यावर दुपटं टाकून आधी शून्य करून घ्यायचं. पण यात एक त्रास आहे, बाळाला आणेपर्यंत काटा आपोआप बंद होतो आणि केलेलं शून्य जातं, परत पहिल्यापासून. पाय झाडत असेल तर आकडा ५०-६० ग्रॅम इकडे तिकडे नाचतो, होल्डचं बटण दाबून थांबलं की स्थिर होतो. बाजूलाच पाउंडचं बटण आहे, ते चुकून दाबलं जातं, तेव्हा आकडा बघून घाबरू नका.

पहिला आठवडा मी रोज वजन केलं, कधी दिवसातून तीनदा. ते करू नका. शी झाली की कमी, दूध प्यायली की जास्त, त्यात जीव नुसता वर खाली होतो. डॉक्टरांनी रविवारचा एकच दिवस ठरवून दिला, सकाळी, आंघोळीआधी, लंगोट काढून. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ हवी म्हणे, म्हणजे आठवड्याला दीडशे ते दोनशे.

सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. अगं लेकराला असं तराजूत घालत नाहीत, दृष्ट लागते, वाढ खुंटते. मी काही बोलले नाही पण एका रविवारी त्यांनाच म्हटलं आई, माझे हात कापतात, आकडा तुम्ही वाचा. तेव्हापासून त्याच वाचतात. आधी तीट लावतात, मग ताटात ठेवू देतात, आणि कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवतात. ३.५६०. ३.७२०. ३.८६०. मग एका रविवारी ३.९००, फक्त ४० ग्रॅम. त्या काहीच बोलल्या नाहीत, चष्मा पुसून परत वाचलं. मी ती झोपल्यावर फ्रॉक वर करून पूर्ण एक मिनिट मोबाइलवर टायमर लावून पोट वर खाली होताना मोजलं, ४४. दोन महिन्यांच्या पुढे श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त आला तर जलद धरतात, हे मला सांगून ठेवलं होतं. दोन महिन्यांच्या आत ६०. तरी सकाळी कॅलेंडरचं पान घेऊनच डॉक्टरांकडे गेलो, सर्दीने नाक चोंदलं होतं म्हणून ती कमी पीत होती, बाकी सगळं ठीक. पुढच्या रविवारी ४.११०. सासूबाईंनी त्या आकड्याभोवती कुंकवाने गोल केला आहे.

म्हणून सांगते, ज्यांच्या बाळाला डॉक्टरांनी छोटं भोक, फक्त लक्ष ठेवा असं सांगितलंय त्यांनी चिमट्याऐवजी हा घ्या. पैसे नसतील तर नका घेऊ, अंगणवाडीत वजन फुकट होतं आणि कार्डावरच्या आलेखात भरूनही देतात. तिथेच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाबद्दल विचारा, २०१३ पासूनची योजना आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जन्मजात हृदयदोषाचे उपचार आणि ऑपरेशन लागलं तर तेही त्यातून मोफत होतं. आणि घाम, धाप, दूध सोडणं यातलं काही दिसलं तर रविवारची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी जा.

आता ती नऊ महिन्यांची आहे. मागच्या एकोत भोक दीड मिलिमीटर राहिलंय, पुढचा एको दीड वर्षाची झाली की. वजन आता महिन्यातून एकदाच करतो, आज ७.३४०.

एक स्टार कापला तो ताटासाठी. झोपणाऱ्या बाळाला ते पुरतं पण बसायला लागल्यावर कड फारच ठेंगणी पडते, पट्टाही नाही, ती कडेला धरून उठायलाच बघते. त्यामुळे आता एकीने दोन्ही बाजूंनी न टेकवता हात धरून ठेवायचे आणि दुसरीने आकडा वाचायचा असं दोघी मिळूनच करतो.